खिशातल्या झूमचा हिशेब

सोनीच्या आरएक्स-१०० या २०१२ सालच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती '१.८-४.९/१०.४-३७.१' असे आकडे छापले आहेत. जाहिरातीपेक्षा आम्हांला हे आकडेच अधिक बोलके वाटतात.

नाभीय अंतर १०.४ ते ३७.१ मिलिमीटर बदलते. त्याला पहिल्या जोडीतील आकड्याने भागले की प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. एका टोकाला ५.८ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ७.६. छिद्र उलट वाढते, तरी प्रतिमा सुमारे ७.४ पट अंधूक होते! तिथेही १.८ हवे असते, तर २०.६ मिलिमीटर व्यास लागला असता; मग खिसा विसराच. ही तडजोड प्रामाणिक आहे, भिंगावरच लिहिलेली आहे.

दुसरी मात्र लिहिलेली नाही. विस्तृत दृश्य टिपताना सरळ भिंतीची कड पिंपासारखी फुगते आणि कॅमेऱ्यातला संगणक ती सरळ करून देतो. त्यासाठी प्रतिमेचे कोपरे ताणावे लागतात. ताणल्याने तिथे नवा तपशील काही येत नाही. युक्तीला आमचा आक्षेप नाही. हा दोष काचेनेच घालवायचा तर भिंगांची संख्या आणि नळीची लांबी वाढण्याचीच शक्यता अधिक. पण भिंगाच्या नावे होणाऱ्या कौतुकात गणिताचा वाटा किती, हे ग्राहकाला कळायला हवे. आलेख कागदाचा फोटो काढून भिंगाचा दोष दाखवू पाहणाऱ्या शिक्षकाला तर या कॅमेऱ्याच्या तयार चित्रात तो जवळजवळ दिसणारच नाही. त्याने असंस्कारित 'रॉ' फाइल दुरुस्ती बंद ठेवून उघडावी.