नाईक समिती आणि प्रत्यक्ष निवडणुकीचे तत्त्व

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगटाला दिलेले महत्त्व पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने जिल्ह्याला दिले. तदनुसार झालेल्या १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदेचे सदस्य प्रत्यक्ष मतदानाने निवडण्याची तरतूद केली. अध्यक्षाची निवड मात्र सदस्यांकडेच राहिली. उलट सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली व २०२२ मध्ये परतली. शेवटचे दोन्ही बदल सत्तांतरानंतर लवकरच झाले, तेव्हा त्यांमागे सिद्धान्त शोधणे व्यर्थ होय. यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण मतदार आज गावाचा प्रमुख स्वतः निवडतो, जिल्हा परिषदेचा नव्हे. विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात त्याचे प्रतिनिधी पसंतीक्रमाने मत देतात. हा अधिकार खुद्द मतदाराला पदवीधर व शिक्षक मतदारसंघांखेरीज कोणत्याही पातळीवर नाही. शिवाय थेट निवडलेल्या सरपंचाच्या वाट्याला विरोधी बहुमताची पंचायत येऊ शकते.