चातकाची तहान आणि आमचे कविसंकेत

मराठी काव्यात चातक जितका आढळतो, तितका तो काव्य वाचणाऱ्यांच्या पाहण्यात येत नाही. कालिदासाच्या मेघदूतात तो आहे, ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीतही आहे. आणि मेघोदकावाचून अन्य जलास न शिवणारा एकनिष्ठ पक्षी म्हणून आम्ही तो वर्गात शिकवीत आलो आहोत. पक्षिशास्त्राने उलगडलेले त्याचे चरित्र मात्र निराळे आहे. तेव्हा या संकेताचे काय करावयाचे, हा प्रश्न अध्यापकांनी टाळू नये.

काळापांढरा, शेंडीधारी असा हा पक्षी कोकिळेच्या कुळातला. उत्तर व मध्य भारतात तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतो. पावसाळ्यात माजणारे केसाळ सुरवंट हे त्याचे प्रमुख खाद्य; आणि मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून पिलांचा भार त्यांच्यावर टाकते! त्याच्या प्रवासाचा मार्ग कळावा म्हणून २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी दोन चातकांना उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसविली.

याहून विस्मयकारक वृत्तांत चतुर या कीटकाचा. मालदीव बेटांवर उघडे गोडे पाणी जवळजवळ नाही. तरी दर ऑक्टोबरात तेथे लक्षावधी चतुर उतरतात. ते भारतातून आफ्रिकेकडे समुद्र ओलांडीत असावेत, असे अनुमान चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. जाण्यायेण्याची ही फेरी १४,००० ते १८,००० किलोमीटरांची. ती चार पिढ्या मिळून पुरी करतात. निघालेला परतत नाही, परततो तो त्याचा वंशज. ज्याच्या शेपटीस दोरा बांधून आमची मुले खेळली, त्या जिवाची ही कथा आमच्या काव्यास अद्याप पारखीच आहे.

शास्त्राने रसहानी होते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आम्हांस तो मान्य नाही. संतांचा चातक खोटा ठरत नाही; कारण त्यांना पक्ष्याचे नव्हे, भक्ताचे वर्णन करावयाचे होते, आणि ती तहान त्यांची स्वतःची होती. दोष आहे तो मागाहून आलेल्या कवींचा. त्यांनी संकेत उचलला. तहान मात्र उचलली नाही, आणि पक्षीही डोळे उघडून पाहिला नाही. अशा कवितेत चातकाच्या जागी चकोर घातला तरी काही बिघडत नाही, हीच तिची परीक्षा.

म्हणून आमची सूचना एवढीच की, चातकाची ओळ शिकविताना सातभाईंचे घरटेही विद्यार्थ्यांस सांगावे. परंपरेचा अर्थ त्याने कमी होणार नाही. आणि त्यांतील एखादा उद्या लिहू लागला, तर तो पाहून लिहील.