चित्रकथेतला वेताळ : घ्यावा की न घ्यावा?

गेल्या आषाढात येथील एका ज्ञातिमंडळाचे चिटणीस सुतळीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन आमच्या कचेरीत आले आणि त्यावर आमचा अभिप्राय मागते झाले. वकिलाच्या मेजावर येणारे गठ्ठे बहुधा उताऱ्यांचे, वाटणीपत्रांचे आणि नोटिसांचे असतात. हा गठ्ठा होता इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या मराठी अंकांचा. सुरतेत रद्दीवाल्यास पस्तीवाला म्हणतात. अशाच एका पस्तीवाल्याने हे अठ्ठावन्न अंक कोणा मराठी कुटुंबाच्या माळ्यावरून उचलले होते आणि त्यांचे तो साडेआठ हजार रुपये मागत होता. बहुतेकांवर छापील किंमत एक-दीड रुपया. मंडळाच्या वाचनालयात मुलांसाठी एक कपाट आहे, ते बरेचसे रिकामे आहे, आणि हे अंक त्यात ठेवावेत अशी तरुण सभासदांची इच्छा. कार्यकारिणीत मात्र दोन आक्षेप निघाले. खजिनदारांचा आक्षेप रकमेचा होता. तो खजिनदारांनी घ्यावयाचाच असतो. दुसरा आक्षेप एका वयोवृद्ध सभासदांचा. त्यांचे मूळ गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचे. ज्या देवाला आपण केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतो, त्याचे नाव जांभळ्या तंग कपड्यांतल्या एका गोऱ्या माणसास देणारी पुस्तके देवळाच्या वर्गणीतून यावयाची नाहीत, असे त्यांनी बजावले.

पहिल्या आक्षेपाचे आपण शेवटी पाहू. दुसरा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कारण तो घेणाऱ्यास पुस्तके न उघडताच त्यांतली मुख्य गोष्ट दिसली होती.

प्रथम वस्तुस्थिती सांगणे इष्ट. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी 'द फँटम' ही वृत्तपत्री चित्रमाला सुरू केली. सुपरमॅन अवतरला १९३८ साली. तेव्हा अंगासरसा पोशाख आणि तोंडावर मुखवटा घालून दुष्टांचे पारिपत्य करणाऱ्या वीरांच्या कुळात हा फँटम वडील ठरतो. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढले. पहिले बत्तीस अंक केवळ याच्याच कथांचे होते. १९९० साली मालिका बंद पडेपर्यंत अंकांची संख्या आठशेच्या घरात गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक वाटा याचाच राहिला. या उपक्रमाच्या आरंभकाळी कारकळचे अनंत पै तेथे काम करीत होते. परक्यांच्या वीरकथा मुलांच्या हाती देतादेता ज्या गृहस्थांना १९६७ साली 'अमर चित्रकथा' सुचली, त्यांच्याविषयी या मासिकाच्या वाचकांस आम्ही अधिक काय सांगावे!

मराठी आवृत्तीत फँटमचा वेताळ झाला. बंगाली भाषांतरकारांनी त्यास 'अरण्यदेव' म्हटले. ते नाव शोभिवंत आहे, पण त्यात वनश्रीपलीकडे फारसे काही नाही. मूळ इंग्रजीत या वीरास 'चालणारे भूत' अशी पदवी आहे. चारशे वर्षे तोच एक पुरुष जिवंत आहे अशी रानातल्या लोकांची समजूत. वस्तुतः बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवितो, आणि आजचा हा एकविसावा. ज्या कोणी मराठीत त्यास 'वेताळ' हा शब्द योजला, त्याच्या डोळ्यांपुढे आरवलीचा वेतोबा होता की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु आरवलीस गेलेल्या कोणाही मराठी वा कोंकणी मुलाच्या डोळ्यांपुढे तो आल्यावाचून राहणार नाही. तेथे देवासमोर हातहातभर लांबीच्या चपलांच्या राशी पडलेल्या असतात. रात्री वेतोबा गावाच्या शिवेवरून फिरतो, राखण करतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. चालणाऱ्या भुतास याहून समर्पक नाव कोणत्या भाषेत मिळाले असते? गोव्यात बेताळभाटी हे गावच त्याच्या नावाचे. राखणदार ही कल्पना ज्यांच्या घरात आजीच्या तोंडून आली, त्यांस कवटीच्या गुहेतला हा मुखवटेवाला पहिल्याच पानावर ओळखीचा वाटतो. आम्हांसही लहानपणी तसाच वाटला होता, आणि त्याचा दोष आम्ही आजीस देत नाही.

नामकरणात देवाची विटंबना झाली असे म्हणूनच आमचे मत नाही. वयोवृद्ध सभासदांचा आक्षेप आम्ही थोड्या निराळ्या शब्दांत मांडू. एका जुन्या घरात परक्यास कूळ म्हणून ठेवले, मालक गावी राहिला, आणि नातवंडांस आता कुळाचाच चेहरा ठाऊक आहे. अशा घराचे पुढे काय होते हे आमच्या व्यवसायातल्या कोणासही विचारावे. मुले वेताळ म्हणताच जांभळा पोशाख डोळ्यांपुढे आणत असतील, तर तक्रार त्या चित्रकथेविरुद्ध चालणार नाही. आरवलीची वाट ज्यांनी मुलांना दाखविली नाही, त्यांच्याविरुद्ध चालेल.

खरी तक्रार पुढेच आहे, आणि ती सुरतेत बसून वाचणाऱ्यास अधिक बोचते. वेताळाच्या वंशाची उत्पत्तिकथा अशी : १५३६ साली एक युरोपीय खलाशी आपल्या बापाच्या जहाजावरून पूर्वेकडील समुद्रात आला असता 'सिंग' नावाच्या चाच्यांनी जहाज लुटले, सर्वांस ठार केले, वाचलेला हा एकटा किनाऱ्यास लागला, रानातल्या बुटक्या लोकांनी त्यास जगविले, आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरीचा नायनाट करण्याची शपथ घेतली. गोरा व्यापारी निरपराध, पौर्वात्य मात्र समुद्रावरचा लुटारू. आता सुरतेचा इतिहास पाहावा. पोर्तुगीजांनी १५१२ साली आणि पुन्हा १५३० साली हे शहर उद्ध्वस्त केले. तापीच्या काठावरचा किल्ला त्याच शतकात त्यांच्याच भयाने बांधला गेला. पुढे सप्टेंबर १६९५ मध्ये मोखाहून सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे यात्रेकरूंनी भरलेले जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले; जहाजावरील स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांचे वर्णन करण्यास लेखणी धजत नाही. शहर इतके खवळले की येथील वखारीतल्या इंग्रजांस बेड्या घालून कोंडून ठेवावे लागले. एव्हरी कधी सापडलाच नाही. त्याच्या काही साथीदारांवर १६९६ साली लंडनच्या ओल्ड बेलीत खटला चालला, तेव्हा मोगलांचे जहाज लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांस निर्दोष सोडले. मग आपलेच इंग्रजी जहाज पळविल्याचा दुसरा आरोप ठेवण्यात आला, आणि त्यावर मात्र दोषी ठरविले. फाशी झाली ती या दुसऱ्या गुन्ह्यासाठी. वकिली शिकणाऱ्या प्रत्येक मुलास हा खटला वाचावयास द्यावा असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे.

इंद्रजालच्या संपादकांस ही अडचण कळली होती असे दिसते. 'सिंग'चे त्यांनी 'सिंगा' केले, 'बेंगाली' या प्रदेशाचे 'डेंकाली' केले, आणि वेताळाच्या बापाचा खून करणाऱ्या 'रामा'चे 'रामालू'. कैफियतीत नावे दुरुस्त करण्यास आम्ही अर्ज देतो, त्यातलाच हा प्रकार. परंतु नावे बदलल्याने दाव्याचे कारण बदलत नाही. रानातले काळे लोक अजूनही त्या एका गोऱ्या माणसाच्या सिंहासनाभोवती जमतात. त्याच्या जिवलग बुटक्या जमातीचे मूळ इंग्रजी नाव तर असे आहे की हिंदी येणाऱ्या मुलाने ती अक्षरे वाचली तर 'बंदर' हाच उच्चार होईल. फॉकला हे कळत नसावे. आपल्याला कळल्यावाचून कसे राहील?

न्याय देण्याच्या त्याच्या पद्धतीविषयी आम्ही व्यवसायाच्या अभिमानाने बोलत आहोत असा वाचकांचा ग्रह होईल. तो पत्करूनही बोलले पाहिजे. वेताळाच्या दोन हातांत दोन अंगठ्या. डाव्या हातावरची खूण उमटली की संरक्षण. उजव्या हाताचा ठोसा बसला की दुर्जनाच्या गालावर कवटीची खूण, आणि ती जन्मात पुसली जावयाची नाही. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीश तोच; अपिलास जागा नाही. कंपनी सरकारच्या काळात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची चाल होती. ती १८४९ साली कायद्याने बंद केली, कारण चूक झाली तर कपाळ कोरे करून देता येत नाही. चित्रकथेत चूक कधी होतच नाही. वेताळाविषयीची प्रत्येक गोष्ट 'जंगलातल्या जुन्या म्हणी'च्या आधारे सिद्ध होते; ऐकीव पुरावा इतक्या सढळपणे ग्राह्य धरणारे न्यायालय आम्ही तरी पाहिले नाही!

आपला स्वतःचा वेताळ येथे फार निराळा पडतो. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेताच्या रूपाने राजाच्या खांद्यावर बसतो आणि वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो. परंतु प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो निवाडा मागतो. कन्या कोणाची, पाप कोणाचे, अधिक थोर कोण? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटेल. आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात या गोष्टी गुंफल्या तेव्हापासून किती मुलांनी राजाच्या आधी उत्तर देण्याचा प्रयत्न केला असेल! आपला वेताळ विचारतो. त्यांचा वेताळ सांगतो, आणि ठोसा मारतो.

इतके म्हटल्यावर हे अंक परत पाठवा असा सल्ला आम्ही देऊ, असे चिटणीसांस वाटले होते. आम्ही तसे केले नाही. गठ्ठा चार रात्री आमच्या घरी होता आणि त्या चार रात्रींत आमचे दहा वर्षांचे चिरंजीव, जे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, मित्रांशी गुजरातीत भांडतात आणि मराठी पुस्तक पाहताच ज्यांस झोप येते, ते अकरा अंक वाचून मोकळे झाले. प्रथम ते 'वेताल' वाचीत. तिसऱ्या अंकापासून 'ळ' जिभेवर बसला. तीस-बत्तीस पाने, प्रत्येक चौकटीत दोन ओळी, वाक्य लहान आणि पुरे, आणि पुढे काय झाले हे कळण्यास मराठी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. उधना-लिंबायतच्या वस्तीत मराठी अजून रस्त्यावर ऐकू येते, नगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. आपल्या मंडळातल्या मुलांस मात्र मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषा फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी भेटतात. कपाटातल्या बोधपर चरित्रांवरची धूळ पाहून आलो आहोत, म्हणून लिहितो.

चित्रांविषयी सांगावयाचे तर साय बॅरी या चित्रकाराच्या हातचे अंक निवडावेत. त्याने १९६१ ते १९९४ पर्यंत ही चित्रमाला काढली. अंधारातून अर्धा चेहरा पुढे येणे, पावसात निथळणारा घोडा, गुहेतल्या मशालीचा उजेड हे तो दोन-चार काळ्या फटकाऱ्यांत साधतो. मुखपृष्ठे गोविंद यांची. त्यांच्या रंगांत मात्र सौम्यपणा शोधू नये, बाजारात दुरून दिसावे हाच त्यांचा हेतू आहे आणि तो साधला आहे. आणखी एक गोष्ट फॉकच्या बाजूने नोंदविली पाहिजे. उत्तरकाळातल्या कथांत त्याने आपल्या काल्पनिक देशास लुआगा नावाचा कृष्णवर्णी डॉक्टर राष्ट्राध्यक्ष म्हणून दिला, बाबाबू नावाचा हुकूमशहा त्याच्यावर सोडला आणि वेताळास निवडून आलेल्या माणसाच्या बाजूस उभे केले. जगाचा वारा बदलला तसा लेखकही काहीसा बदलला. त्या काळातले अंक घेण्यास आमची हरकत नाही.

गठ्ठ्यात 'बहादूर'चेही पाच अंक होते. १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्माण केलेला हा नायक. सुरती या आडनावामुळे कार्यकारिणीत तो एकमताने मंजूर झाला. त्याची खरी शिफारस वेगळी आहे : तो डाकूचा मुलगा, पण गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो आणि गुन्हेगार पोलिसांच्या स्वाधीन करतो. खूण कोणाच्या गालावर उमटवीत नाही.

आता खजिनदार. जुना छापील अंक विकत घेण्यास कायद्याची आडकाठी नाही; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले चौदावे कलम एकदा बाजारात आलेल्या प्रतीस अडवीत नाही. परंतु याच नावाखाली आजकाल रंगीत झेरॉक्स काढून, टाचण्या मारून जुने म्हणून खपविलेले अंकही मिळतात. ते घेणे हा गुन्ह्यास हातभार आहे आणि शिवाय फसगत. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे टाचणी पाहणे. खऱ्या अंकाची टाचणी गंजलेली असते आणि गंज दोन्ही बाजूंच्या पानांत उतरलेला असतो. मधले जोडपान आहे की नाही हे मोजून घ्यावे. मुले तेच फाडतात.

याप्रमाणे तपासता अठ्ठावन्नांपैकी चार झेरॉक्स निघाले, सातांची मधली पाने नव्हती, आणि सहा अंकांत रानटी लोकांची चित्रे आम्हांस मुलांपुढे ठेवण्याजोगी वाटली नाहीत. उरलेल्या एकेचाळिसांस पस्तीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करून तीन हजार दोनशे दिले. वयोवृद्ध सभासदांनी संमती दिली ती एका अटीवर : कपाटाच्या त्याच खणात वेताळपंचविशीची एक प्रत असावी, आणि येत्या मे महिन्यात मुलांस आरवलीस नेण्याचा खर्च मंडळाने करावा. खजिनदारांनी दुसऱ्या अटीवर निर्णय राखून ठेवला आहे.