सदाफुली, कण्हेर आणि ‘कर्करोगरोधक’ हे विशेषण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शोभेच्या वनस्पतींच्या पानांतील संयुगांची कर्कपेशींवर चाचणी घेणारे शोधनिबंध महाविद्यालयीन नियतकालिकांतून सातत्याने प्रसिद्ध होतात. पानांचा अर्क काढावयाचा, एखाद्या पेशीवंशावर तो तपासावयाचा आणि ‘कर्करोगरोधक गुणधर्म सिद्ध झाले’ असे नोंदवावयाचे, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. या निष्कर्षाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सदाफुलीचा दाखला

अशा निबंधांत सदाफुलीचा दाखला वारंवार दिला जातो. तो यथार्थ असला तरी अपुरा सांगितला जातो. कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर या पानांचा मधुमेहावरील उपयोग तपासत होते. प्रयोगातील उंदरांच्या रक्तातील साखर उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातूनच १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे अल्कलॉइड प्रकाशात आले. म्हणजेच हा परिणाम प्रथम सजीवाच्या शरीरात दिसला, तबकडीत नव्हे.

कण्हेरीचा इशारा

महामार्गांच्या दुभाजकांवर फुलणाऱ्या कण्हेरीच्या पानांतील ओलिअँड्रिन मानवी कर्कपेशींना अत्यल्प मात्रेतही मारते. परंतु ते पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंप रोखते आणि हृदयाचे कार्य याच पंपावर अवलंबून असते. उंदरांच्या पेशी या द्रव्याला मानवी पेशींपेक्षा कितीतरी अधिक दाद देत नाहीत. त्यामुळे उंदरात वाढविलेली मानवी गाठ आक्रसली, तरी ते औषध माणसाला सुरक्षित आहे असे ठरत नाही.

पद्धतीतील उणिवा

१९८३ पासून प्रचलित असलेल्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या द्रव्यात रूपांतर करतात. पानांतील काही पॉलिफिनॉल्स हेच रूपांतर पेशींविनाही घडवितात. पेशीविरहित नियंत्रण नसेल, तर वाचन फसवे ठरते. निरोगी मानवी पेशींशी तुलना केली नसेल, तर द्रव्य ‘पेशीमारक’ आहे एवढेच म्हणता येते.

समारोप

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ‘कर्करोगरोधक’ हे विशेषण निबंधातून रुग्णाच्या घरी पोहोचते आणि कण्हेरीच्या पानांचा काढा प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पेशीविरहित नियंत्रण आणि निरोगी पेशींशी तुलना, या दोन बाबींची पूर्तता झाल्याविना हे विशेषण शीर्षकात येऊ न देणे, हे मार्गदर्शक व परीक्षक या दोघांचेही कर्तव्य ठरते. आणि पूर्तता झाली, तरीही तो संशोधनाचा केवळ प्रारंभ होय.