पत्रसार कसें करावें

अस्सल पत्राचा मजकूर स्वतःच्या शब्दांत थोडक्यांत मांडणें हें काम नक्कल उतरण्यापेक्षां सोपें, असा समज आहे. आमचा अनुभव उलट आहे. नकलेंतील चूक जाणत्या वाचकास अक्षरांवरून उमगते. सारांतील चूक सफाईदार भाषेखालीं झांकून जाते.

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढिला, तेव्हां मूळ पत्रेंच छापलीं. १९३० सालीं पुण्यास निघालेल्या ‘शिवकालीन पत्रसारसंग्रहा’नें निराळी वाट धरिली. ठिकठिकाणच्या साधनांचें सार कालानुक्रमें लावून त्यास आधार दिले. त्याच सालीं सुरू झालेल्या पेशवे दप्तराच्या ४५ भागांत मराठी पत्रांच्या माथ्यावर इंग्रजी सार आहे. तेथें सार व मूळ यांची ताडणी जागच्याजागीं होते. पत्रसारसंग्रहांत मात्र मूळ ग्रंथ उघडावा लागतो. आधार देण्याचा हेतूही तोच. परंतु कित्येक लेखक सारावरच थांबतात, त्यांतले चार शब्द पालटतात आणि मूळ पत्र पाहिल्याच्या थाटांत आधार देतात. हें लेखन परक्याच्या श्रमांवरचें असून त्यांत पहिल्या सारकाराची चूकही मुकाट्यानें पुढें चालते.

सार करितांना तीन स्थळीं पाऊल विशेष घसरतें. पहिलें, बोलणारा कोण? वतनपत्रांत अर्जदाराची हकीकत आधीं येते व सरकारची आज्ञा मागाहून. ‘आपलें वतन पुरातन आहे’ असें अर्जदार म्हणतो. सारांत ‘वतन पुरातन होतें’ असें उतरलें, कीं दाव्याचा निवाडा झाला! दुसरें, परिभाषा. ‘खंडणी’ हा शब्द आज गुन्ह्याचा वाटतो. त्या काळीं तो ठरावाच्या रकमेचा आहे. ‘गनीम’ म्हणजे शत्रु खरा, पण मराठी पत्रांत तो एक आणि मोंगली कागदांत मराठेच. अशा जागीं मूळ शब्द ठेवून अर्थ शेजारीं द्यावा. तिसरें, काल. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, कारण तें वर्ष मृगास पालटतें. महिना वगळून नुसता इसवी सन दिल्यास एका वर्षाची चूक सहज पडते.

नवशिक्यानें पत्र दोनदां वाचून बाजूस ठेवावें, सार लिहावें, मग पुन्हां मूळाशीं ताडावें. पत्राचीच शब्दरचना सारांत आली असेल तर ती अवतरणचिन्हांत घालावी किंवा पुन्हां लिहावी. जें फाटलें अगर लागलें नाहीं, तें तसें सांगावें. तर्कानें भरून काढूं नये. शेवटीं पत्र कोठें पाहिलें, अस्सल कीं नक्कल, हें नोंदावें.

ज्यांच्या घरीं रुमाल आहेत त्यांस या गोष्टीचें महत्त्व अधिक आहे. वाळवी व ओल यांपुढें मूळ कागद टिकेलच असें नाहीं. तो गेल्यावर आपण केलेलें सार हाच पुरावा उरेल, आणि त्यास उलट तपासणारें कांहीं शिल्लक नसेल. म्हणून सार लिहितांना, हा कागद उद्यां नाहींसा होणार आहे असें समजूनच लेखणी चालवावी.