खोडदची जाळी आणि मंगळाचा सांगावा

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, गिरिजात्मजाच्या प्रशस्त सभामंडपात, एकही खांब नाही. काय काढून टाकलं तरी चालेल, हे त्या कारागिरांना नेमकं ठाऊक होतं. याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, तीच जाण पोलादात पाहायला मिळते. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या.

तबकडीत पत्रा नाहीच; आरपार आभाळ दिसतं. पोलादी नळ्यांच्या १६ परवलयाकार कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारदोर आणि त्यांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी. इथे टिपायच्या लहरींतली आखूड लहर वीतभर, तर लांब लहर पुरुषभर. एक-दोन सेंटिमीटरचं भोक तिच्या खिजगणतीत नाही. तिला जाळी म्हणजे सलग आरसाच. वारा मात्र बिनतक्रार पार होतो. वाऱ्याशी झुंजायचंच नाही, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यात. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या युक्तीला दाद द्यावी तेवढी थोडी.

आता जाळीची वीण पाहा. मध्यभागी भोकं १० मिलिमीटरची, पुढे १५, कडेला २०. नाभीवरचा ग्राहक मध्यावरून आलेल्या लहरींना जास्त मान देतो, कडेच्यांना कमी; म्हणून कडेची वीण सैल ठेवली तरी बिघडत नाही. काटकसर कुठे शोभते, हे कळणं हीच खरी कारागिरी.

मांडणीही तशीच. १४ तबकड्या सुमारे किलोमीटरभराच्या चौकात, उरलेल्या १६ तीन भुजांवर, मळ्यांमधून दूरवर विखुरलेल्या. टोकाच्या तबकड्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर, आणि बारकावे टिपण्याची ताकदही तेवढ्या रुंद दुर्बिणीची. मधली जमीन शेतकऱ्याकडेच राहिली!

या रचनेचा कस लागला १९ ऑक्टोबर २०१६ रोजी. युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश खरं तर तिथल्याच कक्षेतल्या यानांसाठी होता. खोडदने तो सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून पकडला. शब्द नाहीत, चित्र नाही, फक्त ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासची एक रेघ. यानाचा वेग बदलला की रेघ सरकायची. त्या सरकण्यातच उतरण्याची सगळी कथा. अपेक्षित वेळेच्या थोडं आधी रेघ तुटली. यान आदळलं होतं.

मोहीम फसली, पण ऐकणाऱ्याने मात्रा चुकवली नाही. उद्या मंगळावर माणूस उतरवायचा, तर यान कोणत्या क्षणी बिघडलं हे सांगणारा असा निर्भीड साक्षीदार अग्निबाणाइतकाच मोलाचा. तो जाळी आणि तारदोरांतून उभा करता येतो, हे खोडदने दाखवून दिलं.