दुकानातला 'नेता' कोण?

'नेतृत्वशैलीचा रिटेलमधल्या कर्मचाऱ्यांच्या एंगेजमेंटवर होणारा परिणाम' हा विषय पीएचडीसाठी डोक्यात असेल, तर गाइडकडे जाण्याआधी एवढं ठरवा: तुमच्या अभ्यासातला नेता नेमका कोण?

पुस्तकातलं उत्तर तयार असतं. बर्न्स (1978) आणि बास (1985) यांची परिवर्तनशील नेतृत्वाची कल्पना घ्यायची. ती मोजायला 45 प्रश्नांची एमएलक्यू, आणि एंगेजमेंट मोजायला शॉफेली-बेकर यांची 9 प्रश्नांची यूडब्ल्यूईएस. दोन्ही स्टेपल करून दुकानं फिरायची, सहसंबंध काढायचा. तो बहुतेक वेळा सकारात्मक येतो. माझी हरकत तिथेच आहे.

बेसा-मनीषनगर भागातल्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात थोडा वेळ थांबा. ब्रँडचा टी-शर्ट घातलेल्या मुलाचा पगार एजन्सी देते, टार्गेट व्हॉट्सॲपवर एरिया मॅनेजर टाकतो, आणि "शटर उघड, चहा सांग" म्हणणारा शेठ वेगळाच. 'माझे वरिष्ठ' वाचून हा मुलगा कोणाला गुण देणार? आपण विचारत नाही, तो सांगत नाही.

मी प्राथमिक चाचणीसाठी एका कपड्याच्या दुकानात फॉर्म वाटले होते. शेठ गल्ल्यावर बसलेले. एका ताईंनी पाच मिनिटांत सगळीकडे 'नेहमी'वर खूण केली आणि फॉर्म आधी शेठकडे नेला. हा डेटा एसपीएसएसमध्ये टाकला असता तर आकडे सुरेख आले असते!

नेतृत्व आणि एंगेजमेंट दोन्ही एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच मूडमध्ये भरलं की दोन आकडे एकमेकांना चिकटणारच. प्रयोगशाळेत बिघडलेल्या काट्यावर दोन नमुने तोलले तर दोन्हींत एकच चूक येते, तसंच हे. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. व्हॅन निपेनबर्ग आणि सिटकिन (2013) यांचा आक्षेप आणखी मुळावर येतो: या नेतृत्वाच्या व्याख्येतच त्याचा परिणाम मिसळलेला आहे. 'प्रेरणा देणारा' तोच नेता म्हटलं, तर त्याच्या हाताखालचे प्रेरित आहेत हे शोधून काय मिळवलं?

भाषांतरही जपून करा. यूडब्ल्यूईएसमधल्या 'डेडिकेशन'ला 'निष्ठा' लिहिलंत की उत्तर देणारा शेठशी इमान राखतो. कामाबद्दल काय वाटतं ते बाजूलाच राहतं. ब्रिस्लिन यांची 1970 ची उलट-भाषांतराची पद्धत वापरा; मात्र उलट भाषांतर करणाऱ्याने दुकानात उभं राहून काम केलेलं असेल तर बरं.

आणि खुर्ची? केरळने 2018 मध्ये, तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय कायद्यात आणली. दिवसभर उभ्या असलेल्या मुलीला आपण 'कामात उत्साह वाटतो का' विचारतो, स्टूल आहे का ते विचारत नाही. मग कमी आलेल्या गुणांचं खापर मॅनेजरच्या शैलीवर फुटतं आणि शिफारशीत 'नेतृत्व प्रशिक्षण' येतं.

विषय सोडू नका. वरिष्ठाबद्दल अर्ध्या स्टाफला विचारा, एंगेजमेंट उरलेल्या अर्ध्यांकडून, काही आठवड्यांनी, दुकानाबाहेर. दिवाळीच्या सेलमध्ये एकदा आणि तो ओसरल्यावर पुन्हा. सोबत हजेरीपत्रक मागा आणि वर्षभरात कोण सोडून गेलं ते मोजा. एका दुकानातली माणसं एकमेकांपासून स्वतंत्र नमुने नसतात, म्हणून विश्लेषण बहुस्तरीय लागेल. दुकानं जास्त लागतील, पायपीट वाढेल, आणि सहसंबंध बहुधा लहान येईल. तो लपवू नका.